दिवसा सांगितलेली गोष्ट

आमच्या घरात दिवसा गोष्ट सांगायला बंदी होती. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आई म्हणायची. तिच्या माहेरी, कृष्णेकाठच्या गावात, सगळेच तसं म्हणत. मी आणि माझा धाकटा भाऊ यावरून तिची पुष्कळ चेष्टा करायचो. आमचा मामा एसटीत कंडक्टर. "मामा चुकला तर अख्खी एसटीच चुकायची," असं भाऊ म्हणायचा आणि आई लाटणं घेऊन उठायची. पण गोष्ट मात्र दिवेलागणीनंतरच.

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे होतं, हुं म्हणायचं भावाकडे. एक वाक्य झालं की एक हुं, मगच पुढचं वाक्य. त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं, त्यामुळे त्याचा हुं घशातून यायचा आणि शेवटाला जरा वर चढायचा, "मग?" असं विचारल्यासारखा. झोप येऊ लागली की हुं लांबत जायचा, आणि मग यायचाच नाही. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "झोपला गं." आतून आई म्हणायची, "पांघरूण घाल." या दोन वाक्यांवर आमचा दिवस संपायचा.

त्याला एकच गोष्ट लागायची, आणि ती मीच रचलेली होती. एका मुलाची सावली भर दुपारी हरवते. बारा वाजता सगळ्यांच्याच सावल्या पायाखाली जातात, पण ऊन कलल्यावर बाकीच्यांच्या बाहेर येतात आणि याची येतच नाही. तो तिला शोधायला निघतो. विहिरीला विचारतो, वडाला विचारतो. जो तो म्हणतो, सावली पुढं गेली, तू पुढं जा. शेवटी तो डोंगरापाशी पोचतो. तोवर भाऊ झोपलेला असायचा. डोंगर काय म्हणाला, हे मला कधी ठरवावंच लागलं नाही.

पुढं आम्ही मोठे झालो, वडील गेले, भावाला तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि त्यानं कोपरखैरण्याला लहानसा फ्लॅट घेऊन आईला तिथं नेलं. मी लग्न होऊन नेरूळला आले होते. मला मुलगी झाली तेव्हा भाऊ दवाखान्यात पेढे घेऊन आला आणि आईला म्हणाला, "आता मी मामा झालो. सांभाळून राहायला पाहिजे. दिवसा गोष्टी बंद!" आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली.

त्या काळात आमच्या या नव्या शहरात वाट चुकणं अगदी सोपं होतं. रेल्वे खाडीपलीकडून येऊन थोडीच वर्षं झाली होती. सगळ्या इमारती एका रंगाच्या, एका उंचीच्या, जिनेसुद्धा एकाच बाजूला. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात भाऊ शेजारच्या इमारतीत त्याच नंबरच्या दारात शिरला, चपला काढल्या, आत जाऊन पंखा लावला आणि कुणाच्या तरी खुर्चीत डोळे मिटून बसला. त्या घरच्या बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. आईची हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या दिवशी त्यानं लाल प्लास्टिकची बादली गॅलरीच्या गजाला टांगली. खूण म्हणून. "बादली दिसली की आपलं घर," असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं.

आणि एका सकाळी डबा घेऊन तो पहिल्या पाळीला निघाला, तो कारखान्यात पोचलाच नाही.

शोधाशोध कशी केली ते सगळं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरचं माणूस असं गेलंय त्यांना ते ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. पोलीस चौकी झाली, दवाखाने झाले, जिथं चादर वर करून चेहरा दाखवतात तिथंही माझा नवरा आणि मी जाऊन आलो. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, प्रेमप्रकरण नव्हतं. माणूस मेला तर रडता येतं. आम्हाला तेही करता येईना, कारण आई रडू द्यायची नाही. "तो काय मेलाय का? वाट चुकलाय," म्हणायची. मी तिला नेरूळला चल म्हणून शंभरदा सांगितलं. ती हलली नाही. घर बंद दिसलं तर तो परत जाईल, म्हणाली. शेवटी मीच हात टेकले. रोज सकाळी लेकीला तिच्याकडे सोडून वाशीला ऑफिसात जायचे आणि संध्याकाळी घेऊन यायचे. ती बादली उन्हानं विटून गुलाबी झाली होती, पण आईनं ती काढू दिली नाही.

आणि दिवसा गोष्टींची बंदी आता भयंकर कडक झाली. माझी लेक चार वर्षांची होत आली होती, दुपारी गोष्टीसाठी भोकाड पसरायची. आई तिला खाऊ द्यायची, गाणी म्हणायची, पण गोष्ट नाही. टीव्हीवर दुपारी लहान मुलांसाठी काही लागलं आणि त्यात कुणी "एकदा काय झालं" म्हणालं की आई उठून बटण बंद करायची. मला संताप यायचा. आईचा यायचा, आणि त्याहून जास्त भावाचा. मेला असशील तर तसं कळव, जिवंत असशील तर ये, अधांतरी टांगून ठेवू नकोस, असं मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे. दोन वर्षं झाली होती. मला ते संपायला हवं होतं. कसंही.

हे माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण ऑफिसातली माझी मैत्रीण एक दिवस म्हणाली, "अगं, तू फार टेन्शनमध्ये असतेस. एक शिबिर आहे रविवारी. डोंगरात. झाडाबिडांत बसायचं आणि स्वतःची कहाणी सांगायची. लोक एकदम फ्रेश होऊन येतात."

"झाडाला सांगायची?"

"झाडाला, दगडाला, कुणालाही. ते मधे बोलत तरी नाहीत, तुझ्यासारखे."

मी गेले. घरी सहल आहे म्हणून सांगितलं.

नेरूळजवळच्या शिरवण्याच्या मागं तेव्हा बोडके डोंगर होते आणि त्यांच्या कुशीत बंद पडलेल्या दगडखाणी. पायथ्याला एक आंबराई होती. तिथं सतरंज्या अंथरून आम्ही पंधरावीस जण बसलो होतो, सगळे फ्लॅटमधले, सगळ्यांच्या पायांत नवे कॅनव्हासचे बूट. शिबिर घेणाऱ्या बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज मोठा गोड होता त्यांचा. म्हणाल्या, "आपल्या आज्या कहाणी सांगायच्या, आटपाट नगरापासून सुरू करायच्या आणि सुफळ संपूर्ण करूनच उठायच्या. आपण आपली कहाणी अर्धी टाकून उठतो, आणि ती अर्धी कहाणी आपल्याला आतून खाते. आज ती पूर्ण करा. ऐकणारं कुणी नाही असं समजू नका. निसर्ग हुंकार देतो." मी नाक मुरडलं. पण हुंकार हा शब्द कितीतरी दिवसांनी कानावर पडला होता, आणि तो मला कुठंतरी लागला.

दुपारचं जेवण शिरवणे गावातली एक म्हातारी अकरा वाजताच घेऊन आली होती. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. वाढता वाढता तिनं विचारलं, "तुमी काय करतांव हिकडं?" कुणीतरी म्हणालं, "गोष्टी सांगतो, आजी."

"आता? दिसाच्या?" ती वाढायची थांबली. "दिसा कानी सांगाची नाय, बायो. मामा वाट चुकतो."

बाई म्हणाल्या, "किती गोड कल्पना आहे!" आणि सगळे हसले. मी हातातला घास परत ताटात ठेवला. मला वाटत होतं हे आमच्या आईचं आहे, कृष्णेकाठचं. इथं खाडीकाठच्या म्हातारीलाही ते ठाऊक होतं. दोन्हीकडचे मामा एकाच कारणानं वाट चुकत होते.

जेवणानंतर बाईंनी प्रत्येकाला आपापली जागा शोधायला पाठवलं. माझी मैत्रीण लगेच एका आंब्याला टेकली आणि बघता बघता घोरायला लागली. मी चढत गेले. कुणी ऐकेल अशा ठिकाणी मला बसायचं नव्हतं. पायवाट एका खाणीच्या तोंडाशी संपली. तीन बाजूंनी कापलेला काळा कडा आणि तळाशी साठलेलं हिरवं पाणी. वारा नव्हता. आंबराईत पाखरं कलकलत होती, इथं एकही नव्हतं. ऊन बरोबर डोक्यावर होतं. मी पायांकडे पाहिलं तर माझी सावली पायाखाली गेलेली.

मी दगडावर बसले. स्वतःची कहाणी काही तोंडातून निघेना. लाज वाटत होती. मग म्हटलं, नाहीतरी इथं कोण आहे? आणि जी एकच गोष्ट मला येत होती ती सुरू केली. "एका गावात एक मुलगा होता."

हुं.

मी मान वळवून मागं पाहिलं. कुणी नव्हतं. आवाज खालून, पाण्याच्या पलीकडून, कड्याच्या बुडापासून आला होता. कुणीतरी गंमत करतंय असं वाटलं, आणि मी रागानं मोठ्यानं म्हटलं, "एके दिवशी भर दुपारी त्याची सावली हरवली."

हुं. घशातून आलेला. शेवटाला जरा वर चढलेला.

भीती वाटली का? वाटली. पण उठून पळावं असं मनात आलं नाही, कारण पळाले असते तर गोष्ट थांबली असती, आणि गोष्ट थांबली असती तर तो हुं थांबला असता. दोन वर्षांत त्याची ही पहिली खूण होती. मी सांगत राहिले. विहिरीला विचारलं. हुं. विहीर म्हणाली, पुढं गेली, तू पुढं जा. हुं. वडाला विचारलं. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होते आणि प्रत्येक वेळी तो येत होता. मी रडत होते आणि सांगत होते. मधेच न राहवून मी म्हटलं, "कुठं आहेस तू?" त्यावर काहीच आलं नाही. पाणी तसंच हिरवं, कडा तसाच काळा. मग बऱ्याच वेळानं एक हुं आला, वर चढलेला. पुढं सांग, असा.

तेव्हा मला कळलं की विचारायचं नाही. सांगायचं.

मी मुलाला डोंगरापाशी आणलं. हुं आता लांबत चालला होता, दोन हुंकारांमधलं अंतर वाढत होतं. ते अंतर मला पाठ होतं. तरी मी म्हटलं, "मुलानं डोंगराला विचारलं, माझी सावली पाहिलीस का?" खूप उशिरानं, पुसट, हुं. आणि पुढचं, जे मी आयुष्यात कधी रचलं नव्हतं, ते आपोआप माझ्या तोंडी आलं. "डोंगर म्हणाला, आहे माझ्यापाशी. तू दमलास. बस इथंच."

मी थांबले. वाट पाहिली. पुन्हा तेच वाक्य म्हटलं, जरा मोठ्यानं. काही आलं नाही.

लहानपणी या ठिकाणी मी मान वळवून स्वयंपाकघराकडे तोंड करायचे. तिथं वळायला काही नव्हतं. मी बसून राहिले. ऊन थोडं कललं. माझी सावली पायाखालून बाहेर आलेली दिसली तेव्हाच मी उठले.

खाली आंबराईत सगळे गोल करून बसले होते. कुणाला कोकिळेनं हुंकार दिला होता, कुणाला वाऱ्यानं. एक गृहस्थ हमसून हमसून रडत होते आणि बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला झोप लागली." मैत्रीण म्हणाली, "मलापण!" आणि सगळे हसले. शिरवण्याची म्हातारी भांडी घासत होती. मी तिच्यापाशी जाऊन विचारलं, "वर खाणीत कुणी असतं का हो?"

"खानीत? आता कोन नाय. पानी भरलाय."

"आवाज घुमतो का तिथं?"

"घुमतो तं. हाक मारली तं हाक येते." तिनं तवा उलटा केला. "आपून बोलतांव त्योच परत येतो."

मी हुं म्हटलं नव्हतं. एकदाही नाही.

संध्याकाळी लेकीला आणायला कोपरखैरण्याला गेले. आईनं माझ्याकडे पाहिलं. "उन्हात रापलीस," म्हणाली. "दिवसभर काय केलंत?" मी म्हटलं, जेवलो, हिंडलो. ती बघतच राहिली. मी खाली वाकून लेकीच्या चपलांचे बंद लावत बसले. भाऊ गेला होता. मला ते पक्कं ठाऊक होतं आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. आईला तर नाहीच. तिचा जीव त्या बादलीला टांगलेला होता. जे मला हवं होतं ते मिळालं, संपलं एकदाचं, आणि मी ते तोंडात गुळणी धरून बसल्यासारखी घेऊन फिरत राहिले. घरी कुकरची शिट्टी होताना रडायचे, म्हणजे कुणाला ऐकू जायचं नाही.

असे काही महिने गेले. मग एक दिवस ऑफिसातली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडून दिलं. मी लेकीला घ्यायला म्हणून थेट कोपरखैरण्याला उतरले. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. विचारांच्या नादात जिना चढले, दारापाशी आले आणि पाहते तर दारावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची पाटी. शेजारच्या इमारतीत शिरले होते. इतकी वर्षं येत होते, असं कधी झालं नव्हतं. खाली येऊन रस्त्यावरून वर पाहिलं तेव्हा कारण कळलं. आमच्या गॅलरीला बादली नव्हती.

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत न्हाणीघरात नळाखाली ती बादली होती, पाण्यानं भरलेली, घरातल्या कुठल्याही बादलीसारखी. आणि बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज येत होता.

आई गोष्ट सांगत होती. दिवसा.

लेक तिच्या मांडीवर आडवी होती आणि हुं म्हणत होती. आईनं मला पाहिलं. थांबली नाही. सावलीचीच गोष्ट होती. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं स्वयंपाकघरातून तिनं ऐकलेली असणार. विहीर झाली, वड झाला. लेकीचे हुं लांबत गेले आणि बंद पडले. पण आई सांगत राहिली. एक वाक्य झालं की ती थांबायची, एक हुं जाईल इतकंच, आणि मग पुढचं वाक्य. मला त्या थांबण्यात काही ऐकू येत नव्हतं. मी दारात उभी राहून नीट ऐकत होते, तरी नाही.

"मुलानं डोंगराला विचारलं, माझी सावली पाहिलीस का?" आई म्हणाली आणि थांबली. या वेळी बरीच थांबली. "डोंगर म्हणाला, आहे माझ्यापाशी. तू दमलास. बस इथंच."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी आत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हटलं, "झोपली वाटतं."

आई खिडकीबाहेर, बादली नसलेल्या त्या गजाकडे पाहत होती.

"झोपला," ती म्हणाली.

मग थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "पांघरूण घाल."